तिसरी फेरी

पणजीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं चष्म्याचं दुकान आहे
आणि दुकानाच्या माळ्यावर
एकच गाणं नऊ वेळा.

'तिसरी फेरी'. क्लॅरिमुंद आणि तिची पार्टी.
एकोणीसशे एकाहत्तर, पंचेचाळीसचा वेग.
पहिल्या पाकिटावर निळं पाणी, धक्का,
पांढऱ्या झग्यातली एक मुलगी,
जी क्लॅरिमुंद नाहीच.
म्हापशाच्या शिंप्याची भाची ती;
झगा तिला बसला म्हणून उभी केली.
दुसऱ्या छपाईत तीच मुलगी, पाणी मात्र हिरवट.
निळी शाई संपली असावी,
किंवा कुणाला तरी मांडवी खरी दाखवायची होती.
नैरोबीच्या पाकिटावर मुलगी गेली, फेरीबोट राहिली,
आणि बोटीत एक जिराफ.
हो, जिराफ.
मी तीन वर्षं विचारतोय.

लिस्बनवाल्यांनी तिचं नाव चुकवलं
म्हणून ती प्रत सगळ्यांत महाग.
कुवेतची कॅसेट एका तारवटीने दिली,
सुकलेल्या बांगड्यांच्या पिशवीतून;
अजून नाकाजवळ नेली तर कळतं.
एक तर कागदासारखी वाकते,
साबणाच्या वडीबरोबर फुकट मिळायची.

बायको म्हणते, गाणं तर तेच ना?
मी म्हणतो, लिस्बनचं तीन मिनिटं अकरा सेकंद,
आपलं तीन चौदा.
'मग त्या तीन सेकंदांत काय आहे?'
मी चष्मा पुसत बसतो.
आकडे मी लेबलावरून उतरवलेले.
माझ्याकडे प्लेअर नाही.
सुई लागली की किंमत उतरते.

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने सांगितलं,
चोडणला एस्पेरान्साबायकडे एक आहे,
नवरा ड्रम वाजवायचा त्या पार्टीत.
दुकान शागिर्दावर टाकून रायबंदरला गेलो,
स्कूटर फेरीत चढवली, पोचलो.

तिच्याकडचं पाकीट कुठल्याच यादीत नाही.
सदऱ्याच्या खोक्याचा पुठ्ठा,
कडा गोणपाटाच्या दोऱ्याने टाचलेल्या,
वर शिसपेन्सिलीने नाव
आणि मागे रेघा.
चार उभ्या, पाचवी आडवी.
चार उभ्या, पाचवी आडवी.
जितक्यांदा वाजवली तितक्या.
दोनशे बारापर्यंत मोजल्या मी,
मग तिने पाकीट माझ्या हातून काढून घेतलं.

मी आकडा सांगितला.
ती गप्प.
मी मोठा आकडा सांगितला,
बायकोला कधीच कळू नये इतका.
तिने तबकडी बाहेर काढली, पदराने पुसली
(माझा जीव वर आला)
आणि माझ्या मांडीवर ठेवली.
'ही व्हर. पैशे नाकात.
पाकीट म्हजें. तें उरतलें.'
आणि तिथल्या तिथे
विजेचं बिल त्यात सरकवून
पाकीट खिळ्याला टांगलं.

चाळीस वर्षांत प्रथमच
माझ्या हातात उघडी तबकडी.
रुमालात गुंडाळली, रुमाल पुरेना.
छातीशी धरून फेरीच्या कठड्याला टेकलो.
शेजारच्या मासळीवालीने विचारलं, थाळी किती इंचाची?
'सात,' म्हणालो.
'ल्हान,' म्हणाली.

ही आधीच इतकी ओरखडलेली
की हिला सुईचं काय भय.
सांतिनेझच्या एका मुलाकडे प्लेअर होता, मागून आणला.
खरखर आधी आली, बराच वेळ तीच,
मग ड्रम, मग क्लॅरिमुंद,
मला वाटलं होतं त्याहून जाड आवाजाची.
बायको जिन्यात उभी राहून ऐकत होती.
गाणं संपलं.
मी हात पुढे केला, ती म्हणाली, थांब.

खुर्ची सरकल्याचा आवाज.
कुणी तरी पुरुष, माइकपासून लांब:
'जालें?'

बस्स.
कुणाचा, ते लेबलावर नाही.
रायबंदरची शेवटची फेरी किती वाजता सुटते,
तिने विचारलं. मला सांगता आलं नाही.

वहीत दहावी नोंद केली आहे:
तबकडी, पणजी.
पाकीट, चोडण.
अवस्था: वापरात.