अठ्ठावीस पौंड

धोबीतलावच्या दुकानात
पंचेचाळीस पौंडाचं धनुष्य मी हट्टानं ओढलं.
खांदा कानाला टेकला.
दुकानदार म्हणाला, "सवयीनं जमेल."

बारक्यामामा स्टुलावर,
आरेच्या पाड्यावरून दोन बस बदलून आलेला.
"ताणून धर," म्हणाला,
"आणि सांग, सकाळी काय खाल्लंस."
"भाक..."
दोरी मला घेऊन मागे गेली.

"कामठा माझ्या बापाचा होता,
बापाच्याच मापाचा.
ससा समोर. त्याचा कानही हलत नव्हता,
माझा हात हलला.
तीर मागच्या पायात.
रात्रभर गवतात बॅटरी घेऊन हिंडलो.
नाही सापडला."
मग त्यानं चहा मागितला.

आता शिकारीला कुणी जात नाही.
तो कामठा दाराआड,
त्यावर माझी ओढणी वाळते.

पस्तीस. "भाकरी, सुक..."
अठ्ठावीस.
"भाकरी, सुकट, रात्रीची वालाची भाजी,
ती सगळी मीच खाल्ली, मामा,
तुला उरलीच नाही."
कोपर जागच्या जागी.

"हे तर लहान पोरांचं," दुकानदार.
मामानं उठून पिशवी झटकली.
"पावती कर."