मोजदाद

चाळीस वर्षं मी कोळंबी किलोनं ओळखली.
जाळं वर, जाळ्यातनं पातेल्यात, पातेल्यातनं चाळणीवर,
राखाडीची गुलाबी व्हायला लागायचा
एक सिगारेट ओढायचा वेळ.
डित्सुमच्या धक्क्यावर बोट विकली त्या दिवशी
सही केली, किल्ली दिली,
आणि वजनकाटा तेवढा घरी आणला.
का, ते मला विचारू नका.

शेजारच्या आयकेनं, वय वर्षं अकरा,
स्वतःची जुनी काचेची टाकी आणून दिली.
गोड्या पाण्यातल्या लाल कोळंब्या, म्हणाला, नखाएवढ्या.
पण आधी पाणी मुरू द्या, रेमरकाका.
महिनाभर नुसतं पाणी.
पाणी? मला शिकवतोस?
चौथ्या दिवशी लेअरला जाऊन
मी दहा विकत आणल्या आणि सोडल्या.

दहाव्या दिवशी सहा उताण्या.

गेशं हसली नाही, हे विशेष.
चहात खडीसाखर टाकली,
ती तडकल्याचा आवाज शांतपणे ऐकून घेतला,
मग म्हणाली,
"मेलेल्या मोजायची तुझी पहिलीच वेळ."

आयके आला. काही बोलला नाही.
आपल्या टाकीतला स्पंज माझ्या टाकीत पिळला,
तपकिरी, गढूळ, बघवेना.
विरजण आहे हे, पाण्याचं.
तांबं त्यांना विष, तेव्हा आईची किटली
(तिच्या पाण्यावर आम्ही सहा भावंडं वाढलो)
माळ्यावर गेली.
फिल्टरच्या तोंडाला गेशंचा एक पायमोजा बांधला.
"चांगला होता तो," ती म्हणाली.
उरलेल्या चौघी शेवाळ चरत होत्या,
आमच्याशी देणंघेणं नसल्यासारख्या.

मग एका सकाळी तळाशी एक पांढरी, पोकळ,
मिशांसकट.
मी चमचा घेऊन आलो.
तेवढ्यात दगडामागून तीच बाहेर आली,
ताजी, मऊ, जरा चोरट्यासारखी.
कात टाकली होती.
चाळीस वर्षांत हे पाहिलं नव्हतं मी.
उकळत्या पाण्यात
कात टाकायला सवड कुठली.

त्याच आठवड्यात तिच्या पोटाखाली अंडी.
वीस असतील, पंचवीस, पिवळट,
आणि ती त्यांना पायांनी वारा घालत उभी,
दिवसा, रात्री, मी उठून पाहिलं तेव्हा तीन वाजताही.
मी खुर्ची ओढली.
एवढा वेळ मी कधी
गेशंच्याही बाळंतपणात बसलो नव्हतो.
तेव्हा समुद्रावर होतो.
दोन्ही वेळा.

अठ्ठाविसाव्या दिवशी भिंग लावून पाहिलं तर
काचेवर स्वल्पविराम.
अंग अजून पाण्याचंच,
फक्त डोळे तेवढे पुरते जन्मलेले.
सतरा. एकोणीस.
पुन्हा सतरा.
एक हलली की सगळा हिशेब मोडतो.
माझ्या वजनकाट्यावर ठेवल्या असत्या सगळ्या मिळून,
तर काटा जागचा हलला नसता.

शुक्रवारी गेशंनं बंदरावरनं अर्धा किलो आणल्या,
आमच्या, समुद्रातल्या, कागदात.
बोटांना डोळे लागत नाहीत:
मधे पकडायची, पिळायची, शेपूट ओढायची.
सातव्या की आठव्या कोळंबीच्या पोटाखाली अंडी निघाली.
नेहमीच असायची. दाताखाली बारीक फुटायची.
त्यांना आम्ही कधी काही म्हटलंच नाही,
वजनात धरली.
हात थांबला.
गेशंनं पाहिलं, आणि पाव
लोणी लावून माझ्याकडे सरकवला.

खाल्ली.
वर मिरपूड.
चव बदलली नव्हती,
याचंच थोडं वाईट वाटलं.

रात्री टाकीचा दिवा मालवला, तेव्हा कुंपणापलीकडून
आयके ओरडला, किती झाल्या?
सतरा, मी म्हणालो.
का एकोणीस.
थांब, उद्या उजेडात बघतो.