पान दोनशे बारा

थाळी माझ्याकडे होती.
होस्टेलच्या मेसची, एका कडेला चेपलेली,
आणि लाटणं.
सासूनं मान वळवली की तीनदा: ढॅण, ढॅण, ढॅण.
एवढंच काम. संवाद नाही.

कादंबरी दुसऱ्या वर्षाला होती,
शंभर वर्षांपूर्वीची, खाकी कव्हरातली.
येवलेसर शिकवताना द्वारकेच्या शेवटाशी आले
की चष्मा काढायचे, काच पुसायचे,
म्हणायचे, पुढचं घरी वाचा.
पुढचं म्हणजे पान दोनशे बारा. विहीर.

घरी कोणी वाचलं नाही.
घरी साडेआठला मालिका असायची.
तिच्यात कोणी मरत नाही.
मेलेला नवरा शनिवारी
दुसऱ्याच नटाचं तोंड घेऊन परत येतो
आणि आई म्हणते, बघ, किती वाळला.

म्हणून रुबाब तडवीनं दोन्ही एकात घातलं,
भरतात कांद्याची पात घालावी तसं, कोणाला न विचारता.
केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टीव्हीची चौकट,
वर ‘निर्यातीसाठी’ तसंच राहिलेलं.
चौकटीत सासू: गोकुळ शिंपी, मिशीसकट,
झोपेतही नथ न काढणारी.
गावचे पंच तीन फिरत्या खुर्च्यांवर,
हातात आकड्यांच्या पाट्या:
संस्कार, दहापैकी सहा.
पदर, साडेसात.
हुंदका जरा सुरात हवा होता, बाळ.
आणि ती काठावर उभी राहिली तेवढ्यात ब्रेक.
या विहिरीचे प्रायोजक आहेत
खंडूशेठ यांचे सबमर्सिबल पंप,
पाणी कितीही खोल जाऊ द्या!

सगळं यावल हसत होतं.
द्वारकेला वाचवायचं असेल तर हात वर करा,
लाइन्स आत्ता बंद होतील.
हात वर गेले, रेक्टरचासुद्धा.
मागच्या पोरांनी कालवा केला:
ढकला रे, ढकला, भाग वाढवा!

विहीर म्हणजे निळा ड्रम.
आत हर्षाली बडगुजर, बारा मिनिटं, गुडघे पोटाशी.
ठरलं असं होतं:
ब्रेकनंतर तिनं गॉगल लावून वर यायचं,
मी तिची जुळी बहीण, म्हणायचं,
मी तीनदा वाजवायचं, पडदा.

ती वर आली.
गॉगल हातातच.
ड्रमात आधी फिनेल असावं, डोळे लाल.
वाक्य विसरली, ते मला दिसलं,
थाळीवाल्याला आधी दिसतं.
मग शेजारच्या ओट्यावर बसून कोणाला सांगावं
तशा आवाजात म्हणाली,
‘माले ते कोनी इचारंच नही.’

लोक हसायला लागले
आणि अर्ध्यात थांबले.
काही थांबले नाहीत.
रुबाब विंगेतून हात उडवत होता, वाजव, अरे वाजव,
लाटणं माझ्या मुठीत होतं
आणि मूठ माझी नव्हती.
कोणीतरी पडदा ओढला, तोही
निम्म्यात अडकला.

बक्षीस मिमिक्रीला गेलं.
परीक्षकांनी लिहिलं, शेवट पडला.
येवलेसर रंगपटात आले,
हर्षालीला विचारलं, हे वाक्य कितव्या पानावर आहे?
ती म्हणाली, सर, खरं सांगते, मी पुस्तक वाचलेलं नाही.
मी बत्तीस वेळा वाचलंय, सर म्हणाले,
आणि चपला शोधत बराच वेळ उभे राहिले.
चपला पायातच होत्या.

रात्री लायब्ररीची प्रत काढली.
दोनशे बाराव्या पानावर
कोणीतरी पेन्सिलीनं ‘महत्त्वाचे’ लिहिलेलं,
दुसऱ्या कोणी ‘नक्की येणार’.
चांदणं आहे तिथे, काठावरचं शेवाळ आहे,
लेखक अठरा ओळी रडलेला आहे.
ती बोलत नाही.
तिला ओळच दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मेसला शेवभाजी.
ओळीनं थाळ्या आल्या, माझ्या वाट्याला तीच.
जेवून झाल्यावर बोटानं
एकदा, हळूच, वाजवून पाहिली.
शेजारचा म्हणाला, काय रे?
काही नाही, म्हटलं,
पोळी आण.