पाट्यांचा निकाल

विभा, तू विचारलंस, कुठलं घेऊ.
इथे डुलुथला उणे बावीस आहे,
सरोवर काठापासून आत आत गोठत चाललंय
आणि माझ्या ओट्यावर चार पाट्या उभ्या आहेत,
निकालाच्या दिवशी पोरं असतात तशा:
एकीकडे बघितलं की दुसरी मान खाली घालते.

पहिली, सगळ्यांकडे असते ती.
सडपातळ, वागायला गोड,
उठवली की आधी दुकान दाखवते, मग पुस्तक.
सहा आठवडे चार्जिंग टिकतं म्हणे.
माझ्याकडे सोळा दिवस. मोजलेत.
मराठी बरं दिसतं,
पण अक्षर मोठं केलं तसा 'उद्ध्वस्त'
ओळीच्या टोकाशी खरोखरच झाला:
अर्धा वर, अर्धा खाली.
त्या विनोदाचे दोन गुण जास्त दिले.

दुसरी लायब्ररीशी बोलते.
रात्री दोन वाजता, पायात काही न घालता
सुपीरियर स्ट्रीटवरून पुस्तक आणता येतं.
एकवीस दिवसांनी ते आपलं आपण निघून जातं,
चहालाही न थांबता.
हिला कडेला खरी बटणं आहेत.
तुला साताऱ्यात नाही कळायचं,
पण बसथांब्यावर, हातमोज्यातल्या अंगठ्यानं
पान उलटलं तेव्हा मी मोठ्यांदा शाब्बास म्हणाले
आणि शेजारचा मुलगा दोन पावलं सरकला.
मराठी मात्र विचारू नकोस.
पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते,
आणि तिच्या पोटात ठिपक्यांचं वर्तुळ,
रांगोळी घालता घालता कुणी दार उघडायला गेल्यासारखं.

तिसरी ताटाएवढी.
हिच्यावर लिहिताही येतं, पेन छान खरखरतं.
वाटलं, हीच.
चौथ्या रात्री डोळा लागला आणि ती नाकावर पडली.
दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त बघते मी,
उशीवर स्वतःचं बघून हसूच आलं.
किंमत सांगत नाही,
तू दादाला सांगशील.

चौथीचे सहा डॉलर दिले.
समोरच्या आयला कोस्केला गेल्या,
त्यांच्या मुलानं गराजमध्ये सगळं मांडलं होतं:
गळ, सौनाची लाकडी बादली, बर्फावर चालायचे जोडे,
आणि एका टोपलीत ही. करडी, कोपरा उडालेला.
सगळ्या विषयांत नापास.
आत उजेड नाही, खिडकीशीच बसावं लागतं.
मराठीच्या जागी नुसते चौकोन,
न भरलेल्या फॉर्मसारखे.
पान बदलताना क्षणभर काळी होते,
आठवून सांगतेय असं वाटतं.
आत एकच पुस्तक, त्रेसष्ट टक्क्यांवर थांबलेलं.
पान क्रमांक नाही, बघ. टक्के.
आपल्याकडे साठाच्या पुढे फर्स्ट क्लास.
हे मी त्यांच्या मुलाला सांगणार होते,
इंग्रजीत जमलं नाही.

तर निकाल.
तुझ्यासाठी पहिली. फार विचार करू नकोस.
कव्हर तिकडंच घे, इथे लुटतात.
मला दुसरी, बटणांपायी,
मराठी कागदावर वाचेन, तू पाठवत राहा.
तिसरीचं खोकं दाराशी बांधून ठेवलंय, उद्या परत.

चौथीचा नंबर लावला नाही.
परवा तिची बॅटरी साफ संपली
तरी पडद्यावरचं पान गेलं नाही.
ही शाई तशीच असते म्हणे,
वीज गेली तरी शेवटचं धरून बसते.
मी वाचून पाहिलं:
कुणीतरी होडी ओढून काठावर घेतंय,
थंडी येणार आहे,
आणि वाक्य पानाच्या तळाशी अर्धंच राहिलंय.

हिला जुन्या पद्धतीचा चार्जर लागतो.
मागवलाय.
सात डॉलर.
पाटीपेक्षा एक जास्त.