रीडिंग

डिसेंबरात मानेवाड्याच्या लेआउटमध्ये
मी नाकानं फिरतो.
हातात मशीन, गळ्यात ओळखपत्र,
पण जिन्याखालच्या मीटरपर्यंत पोचायच्या आधीच
कळून जातं
कोणाकडे सांबार निवडून झाला,
कोणाकडे पुडाची वडी तेलात पडली,
कोण वांगं गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसलं.
"वांगं उलटवा, ताई," मी खालूनच ओरडतो
आणि युनिट टिपून घेतो.

या महिन्यात मात्र घरोघरी
एक जास्तीचा प्रश्न विचारत गेलो:
सोल्यांची भाजी कशी करता तुम्ही?

यशोधरा बदलीवर गडचिरोलीच्या दवाखान्यात गेली
त्याला चौदा महिने झाले.
बुधवारी रात्रीच्या एसटीनं येते,
गुरुवारी झोपते,
शुक्रवारी अंधारातच जाते.
मधल्या वेळात मी तिला आलू खाऊ घालत होतो.
आलू, आलूत भेदरं, भेदऱ्यात आलू.
ती काही म्हणत नव्हती.
तेच लागलं मला.

पराते काकू म्हणाल्या, आधी भाजा,
कोरडेच, डाग पडेस्तोवर.
निनावे म्हणाले (त्यांची बायको हसत आत पळाली)
"भरडच ठेवा बाप्पा, बारीक केलं की पिठलं होते."
पाच नंबरच्या गल्लीत नवी भाडेकरू आली आहे, सोलापूरची,
तिनं मलाच विचारलं, सोले म्हणजे काय हो?
तुरीचे ओले दाणे, म्हणालो. दाखवीन.
भोयरांकडे कोणी काहीच सांगितलं नाही.
कुंडीतली लसणाची पात कापली
आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली, मातीसकट.

आज सक्करदऱ्याच्या बाजारातून शेंगा आणल्या.
कुहीकडची बाई होती,
वजन झाल्यावर वर एक मूठ टाकली
आणि म्हणाली, "घरी कोण सोलते?"
मीच, म्हटल्यावर आणखी एक मूठ.

आकडे लिहायची सवय आहे, म्हणून लिहितो:
दोन किलो शेंगा,
पाऊण किलो सोले,
दोन तास दहा मिनिटं,
तीन अळ्या.
तिसरी इतकी हिरवी होती
की दोनदा तिला सोला समजून उचललं.
तिघींनाही खिडकीबाहेर सोडलं.
बोटांची टोकं काळी पडली, ती साबणानं गेली नाहीत.

कढईत सोले तडतडायला लागले
तसा सगळ्या गल्ल्यांचा वास एकदम घरात आला.
खाली उतरून कोणी माझं मीटर वाचत असतं
तर त्यालाही कळलं असतं.
पुढच्या वर्षी नवे मीटर लागणार म्हणे,
रीडिंग बसल्या जागी ऑफिसात येईल.
येवो.
पण मग पराते काकूंच्या जिन्याखाली
कोण वाकणार,
आणि ते वांगं?
पाट्यावर सोले भरडताना एवढंच मनात आलं,
मग मिरची डोळ्यात गेली.

साडेनऊला ती आली.
बॅग दारातच ठेवून म्हणाली,
"काय शिजवून राहिले?"
हात धुतले, भाकर मोडली, पहिला घास घेतला
आणि थांबली.
"ही कोणाच्या घरची भाजी आहे?"
मी सांगायला लागलो, दोन नंबर गल्ली,
मग निनावे, मग भोयरांची कुंडी...

"मीठ मात्र कोणीच सांगितलं नाही वाटते,"
ती म्हणाली.

मग डब्यातून चिमूट घेऊन
आधी माझ्या ताटात कालवलं,
नंतर स्वतःच्या,
आणि कढई जवळ ओढून घेतली.

टरफलं सकाळी शेजारच्या बकरीला जातील.
चार शेंगा न सोलता ठेवल्यात,
मशीनच्या पिशवीत,
पाच नंबरच्या गल्लीसाठी.