दारी

हलशीच्या खाली, भात कापून झालेल्या मळीत
मेंढरं बसवली होती, तीन रात्रींच्या बोलीवर.
भरमगौडा पाटलांनी जोंधळे मोजून दिले होते,
लेंड्यांचा हिशेब जमिनीवर सोडला होता.

आम्ही जीप घेऊन गेलो. डॉक्टर फ्लाविया, ड्रायव्हर दस्तगीर
आणि मी, नंदगडच्या शाळेतून उसना घेतलेला दुभाषा.
खोक्यात बर्फ, बर्फात रिकाम्या नळ्या.
लगमण्णानं विचारलं, काय शोधुलालाय ओ?
म्हटलं, माणूस कुठून कुठं गेला ते.
थुंकीत?
थुंकीत.
तो हसला, आईला हाक मारली,
यव्वा, बा इल्ली!
आधी आमच्याकडं बगून थुंकायचे लोक,
आता आमची मागायला आल्यात.

कल्लव्वाच्या गालात तंबाखू. नियम असा,
चूळ भरून अर्धा तास थांबायचं.
म्हणून अर्धा तास आम्ही सगळे एका कंबळीवर.

पहिला रकाना, मूळ गाव.
येल्लिंद बंदिरी? मी विचारलं.
दारीयिंद, ती म्हणाली.
मी मराठीचा मास्तर, माझा कान आधी घरात शिरतो.
मी लिहून टाकलं, दारात.
कन्नडात दारी म्हणजे वाट, हे ठाऊक नव्हतं असं नाही,
पण हात पुढं गेला होता
आणि फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.

दुसरा रकाना, धर्म.
इथं ती बराच वेळ मेंढरांकडे बघत राहिली.
मग जे बोलली ते रकान्यात मावणारं नव्हतं.
मी मराठीत आणतो तसं, थोडं सांडणारच.

माझ्या आजीची बहीण, निंगव्वा,
बिडीच्या उताराला चालता चालता बसली, ती उठली नाही.
मेंढरं थांबत नाहीत. पुढं गवत होतं, मागं ऊन.
पुरायला लागेल तेवढाच वेळ दिला.
डोक्याशी एक दगड ठेवला,
परतताना ओळख पटावी म्हणून, दुसरं काही नाही.
पुढल्या साली आलो तर शेजारी दुसरा दगड,
आमचा नव्हे. वर कुणाचा तरी भंडारा.
त्याच्या पुढल्या साली नारळाची कवटी.
मग छप्पर. मग एक बुवा,
तो आम्हालाच सांगू लागला, लांब उभे राहा.
आता पत्रा आहे, समिती आहे, बोर्ड आहे.
बोर्ड कुठल्या भाषेत, यावरून दोनदा डांबर फासलंय.
डांबराखाली निंगव्वा.
तिचा धर्म काय लिहितोस, लिही.

दस्तगीर म्हणाला, आमचे पीरही असेच,
निघाले होते दुसरीकडेच.
पाटील बांधावरून म्हणाले, आमचे मुनी तर बसतच नाहीत,
पावसाळ्याचे चार महिने सोडले तर.
फ्लाविया घड्याळ बघत होती.
तिचे पणजोबा रात्रीत गोवा सोडून घाट चढले,
हे तिनं जीपमध्ये सांगितलं, परतताना,
पाठीवर आजारी आई आणि कमरेला बियाण्याचं भात.
क्रूस नंतर मागवून घेतला, म्हणाली.

अर्धा तास झाला. कल्लव्वा नळीत थुंकली,
रेघेपर्यंत, एक थेंब कमी नाही की जास्त नाही.
मी धर्माच्या रकान्यात आडवी रेघ ओढली.

दोन वर्षांनी अहवाल आला. जाड कागद, जगाचा नकाशा.
एक बाण समुद्राच्या कडेकडेनं,
एक वाळवंट ओलांडून,
एक फार उशिरा, उत्तरेच्या गवतातून.
हजारो वर्षं, आणि शिसपेन्सिलीएवढ्या रेघा.
मी भिंग घेऊन पाहिलं.
कुठल्याही बाणावर कुणी बसलेलं नव्हतं,
दगड कुठंच नव्हता.

पाकिटावर पत्ता होता फॉर्मवरून उतरवलेला.
कल्लव्वा, मुक्काम दारात, तालुका खानापूर.
पोस्टमन सगळीकडे फिरून शेवटी माझ्याकडे आला होता,
अक्षर ओळखून.
त्या मळीत आता ऊस आहे. मेंढरं कुठं बसतात,
पाटलांनाही माहीत नाही.
मास्तर, पत्ता पुरा नाही, परत धाडू?
मी दारात उभा. समोर हलशीकडे जाणारी दारी,
धूळ कुणाची कळत नव्हती.
परत म्हणजे कुठं रे, मी विचारलं.