दरपत्रक

प्लास्टिकची खुर्ची, हात असलेली : सात रुपये.
बिनहाताची : पाच.
समोसा दहा, चहा सहा,
हार लहान, हार मोठा,
आणि क्रेननं घालायचा हार.
ही ओळ यंदा नव्यानं टाकली आहे.

मी पंचायत समितीत लेखा शाखेचा माणूस.
निवडणुकीपुरता खुर्च्या मोजायला लावला आहे.
जीपमध्ये कॅमेरावाला, मागे होमगार्ड,
मांडीवर छायानोंदवही.
उमेदवार लिहितो ते त्याचं पुस्तक,
आम्ही लिहितो ती त्या पुस्तकाची सावली.
अन् भर दुपारी बाराला
सावली पुस्तकापेक्षा पाचपट लांब.

कळंबी फाट्यावरच्या सभेत मी चार हजार दोनशे मोजल्या.
त्यांच्या पुस्तकात आठशे.
प्रतिनिधी म्हणाला, बाकी लोकायनं घरून आनल्या, साहेब.
सगळ्या लाल.
सगळ्यांच्या पाठीवर ‘ढोकणे बिछायत केंद्र’.

त्या आठवड्यात यवतमाळच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी
कापूस बोंडातच लोंबत राहिला.
सभेची रोजी वेचणीहून पन्नास जास्त, वर मसालेभात.
सकाळी एक पक्ष, दुपारून दुसरा,
बाया त्याच,
दुपट्टे तेवढे गाडीत बदललेले.
दरपत्रकात बाईचा दर सापडेना.
मी वर विचारलं.
वरून उत्तर आलं : निरंक.

मैना टेकाम हिशेब तपासायला आली
ती दालमिलमधून थेट. चाळणीवर असते.
केसांत तुरीची पिवळी धूळ.
अपक्ष. चिन्ह किटली.
लुनाचं पेट्रोल, तीनशे चाळीस.
पत्रकं पाचशे, झेरॉक्स, एकाच बाजूनं.
चहा नाही.
“लोकायनंच पाजला, साहेब.”
मी म्हणालो, पाजलेलाही लिहावा लागतो, बाई.
जमेला सहा, खर्चाला सहा.
ती बोटांच्या पेरांवर गावं मोजत राहिली बराच वेळ.
“एकशे चौदा कप,” म्हणाली.
“लोनीत दोनदा झाला. म्हातारीनं आयकलंच नाई.”

मग जमेच्या रकान्यांवरून तिनं बोट फिरवलं.
स्वतःचे. पक्षाचे. देणगी. कर्ज.
“अन् सरकारचा खाना कोनता?”
तसा नसतो, म्हणालो.
“कावून? मशीन तुमची, शाई तुमची,
शाळा तुमची, पोलीस तुमचे,
हे जाडजूड पुस्तकबी फुकट देल्लं तुमी.
मतदान सरकारी,
अन् उभं राहनं तेवढं खासगी?”

कारकुनाजवळ उत्तर नसतं, परिपत्रक असतं.
यावर तेही नव्हतं.
मी चहा मागवला.
ती गेल्यावर कच्च्या कागदावर मांडून पाहिलं, सवयच :
दर मतदारामागे दहा रुपये सरकारनं द्यायचे,
सगळ्या राज्याचे.
आकडा निघाला एका उड्डाणपुलाएवढा,
तोही अर्धवट राहिलेल्या.
क्षणभर बरं वाटलं.
मग डोळ्यांपुढे ढोकण्यांचा ट्रक आला.
सरकारचेही घेतील,
आणि लाल खुर्च्याही उतरवतील.
कागद चुरगाळला, टाकला नाही.
ड्रॉवरमध्ये आहे.

निकाल लागला. मैनाला एक हजार नऊशे सहा.
अनामत गेली.
चार हजार दोनशे खुर्च्यांचं अंतिम विवरण
सीएच्या शिक्क्यानिशी आलं, पै न पै जुळलेलं.
त्यावर मी लिहिलं : त्रुटी नाही.
हाताला काही झालं नाही.

तिचं अठ्ठाविसाव्या दिवशी आलं.
फरक : रुपये सहा.
जमेच्या पानावर, छापील रकाने संपतात तिथं
पट्टीनं आखलेली एक वाकडी रेघ,
वर तिच्या अक्षरात ‘सरकार’,
खाली एक कप चहा.
खर्चात धरायला विसरली बिचारी.

नोटीस मलाच काढायची आहे.
सकाळपासून लाल पेन उघडं पडून वाळतंय.
नमुन्यात नसलेला रकाना खोडायचा, एवढंच काम.

पण त्या चहाचे पैसे
मी खिशातून दिले होते.
ते कुठं दाखवू?